बटाटे निघेपर्यंत

बटाटा हे आमच्या घरात पीक नव्हतं, उपास होता. आम्ही टाकवे बुद्रुकची भातकरी माणसं. पावसाळ्यात आमच्या खाचरांत पाणी असं उभं राहतं की तिथं बटाटा लावला असता तर तो पोहत पोहत इंद्रायणीला लागला असता. तो यायचा बाजारातून, एकादशीला नाहीतर शिवरात्रीला, आणि आई तो इतका पातळ चिरायची की काचरीतून पलीकडची चूल दिसावी. अशा घरातल्या मुलीनं लोणावळ्याला, रेल्वेच्या क्वार्टरमागच्या एवढ्याशा अंगणात, लाकडी खोकं ठोकून बटाटे लावले. माझी नातवंडं हे ऐकून म्हणतात, आजी, तुला पहिल्यापासून बागकामाची आवड. नव्हती. मला मिरवण्याची आवड होती.

त्या वर्षी मी दहावीत होते आणि मला सगळं येत होतं. मी मातीला मृदा म्हणत असे. गावाकडचं कुणी ‘न्हाई’ म्हणालं की मी हळूच ‘नाही’ म्हणायचे, सांडलेलं पाणी पुसावं तशी. आमची क्वार्टर दोन खोल्यांची. अण्णा, म्हणजे माझे वडील, इंजिनांच्या शेडमध्ये फिटर होते. त्यांच्या हातचं ग्रीस साबणाला दाद देत नसे, आणि भाकरीवर अंगठ्याचा काळा शिक्का उमटला की ती त्यांची. घाट चढून आलेल्या गाडीचं मागचं इंजिन सुटताना आखूड शिट्टी व्हायची. त्या शिट्टीवर आई भाकरी उलटायची, घड्याळाकडे बघायची नाही. दिवाळी सरली की सकाळी धुकं इतकं दाट की अंगणाचं कुंपण दिसायचं नाही, आणि त्या धुक्यातून बाजारातल्या चिक्कीच्या भट्ट्यांचा गुळाचा वास यायचा. आम्ही मात्र हुलग्याचं माडगं पीत बसलेलो. गुळाच्या वासात हुलगे गिळायची सवय झाली की माणूस पुढं कशालाच फारसं नाक मुरडत नाही.

खोक्याची कल्पना माझी नव्हतीच. तुंगार्लीच्या वाटेवर एका बंगल्यात मुंबईच्या बाई हिवाळाभर येऊन राहत. त्यांची ब्लाउजं आई शिवायची, आणि ती पोचवायला मी जायचे, कारण तिथं बशीत बिस्किट मिळायचं. त्यांच्या मागच्या बाजूला कमरेएवढं लाकडी खोकं होतं आणि त्यातून हिरवा पाला वर आलेला. बाईंनी मला समजावून सांगितलं: चार कोपऱ्यांना चार खुंट ठोकायचे, त्यांना खाली फळ्या मारायच्या, माती भरून डोळे फुटलेले बटाटे लावायचे. रोप वीतभर झालं की वर आणखी फळ्या मारायच्या आणि शेंडा तेवढा उघडा ठेवून पुन्हा माती. असं करत वर जायचं. जितकं रोप पुराल तितके बटाटे धरतात, खोकं वरपर्यंत भरतं. मी भारावले. बाईंनी मला भरलेलं खोकं दाखवलं होतं, रिकामं करून दाखवलं नव्हतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. इतक्या हुशार मुलीच्या ते लक्षात येणार तरी कसं. त्यांच्याच माळ्यानं कप-बशांच्या जुन्या खोक्याच्या फळ्या दिल्या, अण्णांनी रविवारी खिळे ठोकले, आणि मी वर्गात जाहीर केलं की आमच्याकडे प्रयोग चालू आहे.

त्याच आठवड्यात आबा आले. आबा म्हणजे अण्णांचे वडील. भाताच्या झोडणीत ते बांधावरून घसरले आणि गुडघा भोपळ्यासारखा सुजला. अण्णा आणि गावाकडचे धाकटे काका यांनी आपापसात ठरवून टाकलं की शेती आता काकांनी बघायची आणि आबांनी लोणावळ्याला दवाखान्याजवळ राहून उन्हात बसायचं. आबांना कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, म्हणूनच. ते आले ते एक घोंगडी, एक तांब्या, एक काठी आणि पेंढ्याची एक भली मोठी पेंढी घेऊन. अण्णा म्हणाले, आबा, खुर्ची आहे. आबांनी खुर्चीकडे पाहिलं, अंगणात पेंढा पसरला आणि त्यावर बसले. क्वार्टरच्या ओळीत आमच्या एकट्याच्या अंगणात पेंढा होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

रोज संध्याकाळी अण्णा शेडमधून आले, हात धुऊन बसले, की आबा विचारायचे, “मंग, उद्या जायाचं का?” अण्णा म्हणायचे, औषध संपू द्या. औषध संपलं तर थंडी सरू द्या. आबा म्हणायचे, शिमगा झाला की राब भाजायचा, तितं मी नगं का? राब म्हणजे भाताची रोपं जिथं वाढवायची ती जागा. शेण, पालापाचोळा, फांद्या पसरून, वर माती टाकून ती पावसाआधी भाजून काढतात. मग त्यात रोपं करायची, वीतभर झाली की उपटून त्यांच्या मुठी बांधायच्या आणि खाचरात चिखल करून लावायच्या. आमच्या घराची रीत अशी की लावणीची पहिली मूठ आबांच्या हातून सुटल्याशिवाय बायका चिखलात वाकत नसत. आबांना दुसरं काही नको होतं. त्यांना ती मूठ सोडायला घरी जायचं होतं, आणि अण्णांना त्यांना जाऊ द्यायचं नव्हतं. हा वाद रोज, माझ्या अभ्यासाच्या वेळी.

एका संध्याकाळी वैतागून मीच म्हणाले, आबा, माझे बटाटे निघेपर्यंत राहा आणि मग खुशाल जा. अण्णांनी ते वरच्या वर झेललं. “व्हय आबा, बटाटं निघूद्या. मग मी स्वतः पोचवतो.” आबांनी विचारलं, कवा निघत्यात? मी ऐटीत सांगितलं, शिवरात्रीपर्यंत. आबांनी मान वळवून खोक्याकडे पाहिलं. तोवर त्यांनी त्याकडे कधी नीट बघितलंच नव्हतं. त्यांना वाटत होतं कोंबड्या ठेवायला केलंय. “बरं,” ते म्हणाले. “बटाटं निघालं की गेलो.”

आत जाऊन अण्णा आईला सांगत होते की तोवर त्यांना इथली सवय लागेल, आणि त्या खोक्यातून काय डोंबल निघणार आहे. आमच्या क्वार्टरच्या भिंती अशा होत्या की आत सांगितलेलं बाहेर आधी ऐकू यायचं. मध्यंतरी मी उर्शाला मुलाच्या फ्लॅटवर कायमची राहायला आले, तेव्हा मुलगाही सुनेला आत हळूच सांगत होता, “नव्या जागी आलीय, चार दिवस दे तिला.” हल्ली भिंती काही जाड बांधत नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून आबांनी पेंढा खोक्याशेजारी सरकवला. सकाळचं माडगं तिथं, दुपारची झोप तिथं. बटाट्याचं पीक त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं, पण ते पीक होतं आणि त्यावर त्यांचं घरी जाणं अवलंबून होतं. कोंब वर आले तेव्हा त्यांनी मला शाळेतून येताना फाटकातच गाठलं आणि सांगितलं. मी म्हटलं, अपेक्षितच होतं. रोपं वीतभर झाली, मी वर फळ्या मारून घेतल्या आणि पाटीपाटीनं माती ओतू लागले, तेव्हा मात्र आबा काठी टेकून उभे राहिले.

“सुमे, जित्तं रोप पुरतीयास?”

मी त्यांना शास्त्र समजावलं. खोड, मुळं, कंद, सगळं. मोठ्या आवाजात, कारण माझी समजूत होती की खेड्यातल्या माणसाला शास्त्र मोठ्यानं सांगावं लागतं. त्यांनी ऐकून घेतलं, “आसंल,” म्हणाले आणि खाली बसले. पण माझ्या पाठीमागं ते पानांवरची माती बोटानं झाडत बसायचे. त्यांचा हिशेब सरळ होता. ही पोरगी रोपं गाडून मारणार, बटाटे काही निघणार नाहीत, आणि आपण जन्मभर या शिट्ट्या ऐकत बसणार.

मग तो दिवस आला. मी शाळेतून आले तर फाटकात आबा नव्हते. मागं गेले. खोकं रिकामं, नुसती उकरलेली माती. मोरीचं पाणी जिथं जायचं तिथं आबांनी बादल्या ओतून चिखल केला होता, पायांनी तुडवून, खाचरात करतात तसा मऊ, लोण्यासारखा. धोतर मांड्यांवर खोचलेलं. डाव्या हातात बटाट्याच्या रोपांची मूठ, पेंढ्याच्या काडीनं बांधलेली. उजव्या हातानं ते एकेक रोप सुटं करून चिखलात लावत मागं मागं सरकत होते. ओळी दोरी धरल्यासारख्या सरळ. निम्मं लावून झालं होतं आणि लावलेली सगळी रोपं माना टाकून चिखलात आडवी पडली होती. आबांनी मला पाहिलं आणि तोंडभर हसले. आमच्याकडे आल्यापासून पहिल्यांदा.

भातकऱ्याच्या दृष्टीनं त्यात काहीच चुकलं नव्हतं. वीतभर झालेलं रोप जागेवरच ठेवायचं म्हणजे राब करून लावणीच न करण्यासारखं. ते मला आळशी समजत होते. पण मी तेव्हा काही भातकऱ्याच्या दृष्टीनं बघत नव्हते. मी दप्तर फेकलं आणि रडत रडत, शुद्ध मराठीत, त्यांना अडाणी म्हटलं. प्रयोगाचा विध्वंस म्हटलं. विध्वंस हा शब्द मी आयुष्यात तेवढाच एकदा तोंडानं वापरला असेल आणि तोही चिखलात उभं राहून, एका पायातली चप्पल रुतलेली असताना.

आई बाजारातून आली, पिशवी हातातच, आणि दारात थांबली. ती मला गप्प बस म्हणाली नाही, आबांना काही बोलली नाही. ती आबांच्या पायांकडे बघत होती. मला वाटलं तिला चिखलाची घाण वाटतेय. काठी पेंढ्यावर पडली होती, हे मला दिसलंही नाही.

अण्णा आले ते आधी हसले आणि मग चिडले. हा त्यांचा नेहमीचा क्रम. ते म्हणाले, आहे त्या जागी चाललेलं रोप उपटायचं कशाला? आबा म्हणाले, जागा बदलल्याबिगर रोपाला वाडायचं कळत न्हाई. हे अण्णांना आयतंच सापडलं.

“मंग तुमालाबी आमी हितं आणून लावलंय. तुमी का धरंना मूळ?”

आबा हातातली शिल्लक मूठ धुवत होते. त्यांनी ती नीट धुतली, पाणी निथळू दिलं, आणि माझ्या हातात दिली. मग आपल्या बसायच्या जागेकडे बोट केलं.

“लावत्यात ते रोप. मी पेंढा हाय. पेंढा कुटं लावत्यात व्हय?”

 बाहेर इंजिनाची आखूड शिट्टी झाली आणि आई भाकरी उलटायला आत गेली.

अंधार पडायच्या आत मी आणि आबांनी रोपं चिखलातून काढून पुन्हा खोक्यात लावली. मी मागायचे, ते एकेक द्यायचे. काही मेली, बरीचशी दोन-चार दिवस लोळून मग उभी राहिली. एका हंगामात दोनदा लावणी झालेले बटाटे साऱ्या मावळात तेवढेच असावेत. पुढं मी वर वर फळ्या मारत गेले, माती भरत गेले. आबा ‘आसंल’ एवढंही म्हणेनासे झाले. मात्र पाला पिवळा पडून वाळायला लागला तसे ते खुशीत आले. पिवळं पडणं म्हणजे कापणी, एवढं त्यांना माझ्या शास्त्राशिवाय कळत होतं. त्यांनी घोंगडी उन्हात टाकली, तांब्या चिंचेनं घासला. अण्णा हे सगळं बघायचे आणि बघितलं नाही असं करायचे.

शिवरात्रीच्या सकाळी खोकं फोडलं. उपासाला घरचा बटाटा म्हणून आईनं बाजारातून आणलाच नव्हता. तिचा माझ्यावर विश्वास होता की तिला गंमत बघायची होती, कुणास ठाऊक. मी आधीच घमेलं आणून ठेवलेलं, आणि शेजारून मागून आणलेलं दुसरं घमेलं. अण्णांनी वरच्या फळ्या काढल्या. माती ढासळली. माती, मुळं, एक गांडूळ. त्याखालच्या फळ्या काढल्या. माती. मी सांगितलं, बटाटे खालच्या थरात धरतात, जसं काही मी नेहमी तसंच सांगत आले होते. त्याखालच्या फळ्या काढल्या. अगदी तळाला, आम्ही पहिल्यांदा भरलेल्या मातीत, एका ओंजळीत मावतील एवढे बटाटे निघाले. बरेचसे सुपारीएवढे. त्यातला जो राजा होता तो लिंबाएवढा.

अण्णा हसले नाहीत. ते उकिडवे बसून म्हणाले, हे काही पीक नव्हे आबा, बोलणं पिकाचं झालं होतं. सुमी पुढच्या वर्षी पुन्हा लावेल, नीट लावेल, तेव्हा बघू. आबांनी त्यांच्याशी वाद घातला नाही. ते एकेक बटाटा धोतराला पुसून घमेल्यात ठेवत होते. घमेलं एवढं मोठं की प्रत्येक बटाटा टाकला की टण् असा आवाज व्हायचा, आणि त्या प्रत्येक आवाजाला मी थोडी थोडी लहान होत होते. घमेल्यातल्या त्या बटाट्यांकडे बघून मी एवढाच विचार करत होते की वर्गात काय सांगायचं. आबांचं काय होणार हे माझ्या डोक्यात आलंही नाही. मला त्या मुलीचा राग येत नाही, हसू येतं. फार व्यग्र होती बिचारी.

आईनं घमेल्यातले बटाटे पदरात घेतले आणि आत गेली. आख्खेच, सालासकट, तुपात जिरं-मिरचीवर परतून वर दाण्याचं कूट. पानं मांडली. प्रत्येकाच्या ताटात चार-दोन गोट्या पडल्या; लिंबाएवढा राजा आबांच्या ताटात.  चवीला ते चांगले होते, जरा मातकट. आई सासऱ्यांसमोर अण्णांशी कधी सरळ बोलत नसे. बोलायचं झालं तर माझ्या तोंडून किंवा भांड्यांच्या आवाजातून. त्या दिवशी तिनं आबांचं ताट उचललं आणि अण्णांकडे बघून म्हणाली, “बटाटे निघाले. सगळ्यांनी खाल्ले. उद्या मामंजींना पोचवून या.”

अण्णांनी विचारलं, आणि गुडघा?

“चिखलात बरा असतो तो. मी बघितलाय.”

एवढंच. आईला आबांची दया आली होती, की सगळ्या ओळीत आपल्या एकटीच्या अंगणातला पेंढा तिलाही नको होता, हे मी तिला पुढं अनेक वर्षं विचारायचं ठरवत राहिले. ती गेली तेव्हाही ते ठरवणं चालूच होतं.

दुसऱ्या दिवशी अण्णा आबांना घेऊन निघाले. कान्ह्यापर्यंत गाडी, पुढं टाकव्याची एसटी. आबांनी पेंढा आमच्याकडेच सोडला आणि खोक्याच्या फळ्या मागून घेतल्या. मी उदारपणे दिल्या. मला त्या डोळ्यांसमोर नकोच होत्या. सुतळीनं बांधून त्यांनी त्या खांद्यावर टाकल्या. काठी अण्णांच्या हातात होती.

उन्हाळ्यात गावाकडून काकांचा निरोप आला की आबांना आवरा. आबांनी दारातच खोकं उभं केलं होतं, म्हणजे खाचरापर्यंत चालायला नको. त्यात माती भरली, वर शेण, पाला, फांद्या रचल्या आणि रीतीप्रमाणे राब भाजला. लाकडी खोक्यात. काका हंडा घेऊन धावले तोवर एक बाजू गेली होती आणि बाकीच्या तीन आतून कोळसा झाल्या होत्या. आबांचं म्हणणं, राब भाजल्याशिवाय रोप होत नाही, मग खोकं असो की शेत. गेलेल्या बाजूला त्यांनी दगड रचले आणि पाऊस लागल्यावर भात टाकलं. लावणीला मी गेले होते. त्या खोक्यातून मूठभरच रोपं निघाली, पण बायकांनी वाकायच्या आधी वाट बघितली. आबा बांधावर बसले होते, पाय चिखलात सोडून. त्यांनी मूठ सोडली. त्यानंतर आणखी काही लावण्यांना ते तिथंच बसलेले मला आठवतात, आणि एका लावणीला नाहीत.

इथं उर्शाला गॅलरीतून टोलनाक्यावर थांबलेल्या गाड्या दिसतात. दिवाळीनंतर मी तिथंच मुलाकडून एक खोकं ठोकून घेतलं आणि बटाटे लावले. सून म्हणाली, आई, बटाटे खाली दुकानात मिळतात. मी म्हटलं, तिथं ते निघत नाहीत, नुसते मिळतात. कोंब आले, रोपं वीतभर झाली. एके दिवशी दोघं कामावर गेल्यावर मी ती सगळी उपटली, मुठी बांधल्या, बाथरूमच्या टबात चिखल केला, तो गॅलरीत आणून खोक्यातल्या मातीत कालवला आणि रोपं त्यात ओळीनं लावली. माझ्या ओळी आबांइतक्या सरळ आल्या नाहीत. गॅलरी अरुंद आहे, आणि कंबर कुरकुर करते. संध्याकाळी सून कपडे काढायला गॅलरीत आली आणि बघत उभी राहिली.

“आई, ही सगळी अशी मान टाकून का पडलीत?”

“नव्या जागी आलीत,” मी म्हटलं. “चार दिवस दे त्यांना.”